आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) की ४०६० (८ जीबी)? दोन्ही कार्डं एकाच मशीनमध्ये बसवून पाहिली

घाटमाथा

दिवाळीत मावसभाऊ आपला पीसी घेऊन आमच्याकडे पुण्याला राहायला आला होता. त्याच्या कॅबिनेटमध्ये एनव्हिडियाचं ४०६० हे ग्राफिक्स कार्ड, माझ्यात त्याच कंपनीचं २०२१ पासूनचं ३०६०. या दोघांतलं कुठलं घेऊ, हा प्रश्न मला ओळखीतल्या निदान सात-आठ जणांनी विचारला असेल आणि दरवेळी मी वाचलेल्या माहितीवर उत्तर दिलं. या वेळी चार दिवस दोन्ही कार्डं हाताशी होती, म्हणून आलटून पालटून लावली आणि माझंच रोजचं काम त्यांच्यावर टाकून पाहिलं. जे दिसलं ते सविस्तर लिहितोय. कुणाचे पैसे चुकीच्या ठिकाणी जाऊ नयेत एवढीच इच्छा.

माझं काम म्हणजे घरांची, वाड्यांची, इंटिरियरची थ्रीडी चित्रं. ब्लेंडर (थ्रीडी चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) दिवसभर उघडं असतं, रात्री जमलं तर एखादा गेम. माझं मशीन रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, ५५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). भावाचं आय५ १२४०० आणि बी६६० बोर्ड. बोर्डांची नावं लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरच गाडी येणार आहे.

आधी कागदावरचं. ३०६० आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये, ३२९ डॉलरला. ४०६० आलं जून २०२३ मध्ये, २९९ डॉलरला. जुन्यात ३५८४ कुडा कोअर (चिपमधले गणित करणारे छोटे भाग), नव्यात ३०७२. म्हणजे नवीन कार्डात कोअर कमी! पहिल्यांदा पाहणारा इथेच गोंधळतो. पण जुन्याचा बूस्ट वेग १७७७ मेगाहर्ट्झ आहे आणि नव्याचा २४६०. कोअर गुणिले वेग गुणिले दोन केलं की जुन्याचे १२.७ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं) होतात आणि नव्याचे १५.१. साधारण १९ टक्क्यांचा फरक. गंमत अशी की १०८० पी (फुल एचडी) वर बहुतेक गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमचा फरकही याच आसपास निघतो. या दोघांच्या बाबतीत तरी कागद खोटं बोलत नाही.

हा वेग आला कुठून? ३०६० ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर पद्धतीवर बनलेली, आकार २७६ चौरस मिलिमीटर. ४०६० ची टीएसएमसीकडे बनलेली, १५९ चौरस मिलिमीटर. जवळपास निम्म्या जागेत जास्त काम, आणि वीज १७० वॉटऐवजी ११५ वॉट. याबद्दल ४०६० चं मनापासून कौतुक करायला हवं. माझ्या खोलीत रात्रभर रेंडर (दृश्याचं पक्कं चित्र काढणं) चालू असतं तेव्हा ३०६० च्या मागच्या जाळीतून येणारी हवा हाताला चटका नाही पण चांगली ऊब देते. ४०६० लावलं त्या रात्री मी दोनदा उठून पाहिलं की रेंडर चालू आहे ना, इतकं ते शांत होतं.

आता मेमरी, जिथे खरी गोष्ट आहे. ३०६० ला १२ जीबी आणि १९२ बिटचा बस (मेमरी आणि चिपमधला रस्ता), सेकंदाला ३६० जीबी वाहून नेणारा. ४०६० ला ८ जीबी, १२८ बिटचा बस, सेकंदाला २७२ जीबी. नवीन कार्ड, तरी रस्ता अरुंद. मग ते वेगवान कसं? कारण चिपच्या आतली एल-टू कॅश (छोटी पण झटपट मेमरी) ३ एमबीवरून २४ एमबी केलीय. किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. दुकानदाराने मागची फळी आठपट मोठी केली, त्यामुळे बहुतेक गिऱ्हाइकांचा माल हातासरशी मिळतो आणि गोदामात जावंच लागत नाही. म्हणून त्याने गोदामाचा बोळ अरुंद ठेवला आणि गोदामही लहान केलं. रोजच्या विक्रीला हे उत्तम चालतं. पण लग्नाची मोठी यादी आली की फळीवरचं पुरत नाही, आणि गोदामातही माल मावलेला नसतो.

नेमके १२ आणि ८ च का, याचं उत्तर साधं आहे. मेमरीची एकेक चिप ३२ बिटची वाट घेते. १९२ भागिले ३२ म्हणजे सहा चिपा. त्या काळी १ किंवा २ जीबीच्या चिपा मिळत, म्हणजे कार्ड ६ जीबीचं करा नाहीतर १२ चं. ६ फारच कमी पडले असते, म्हणून १२. त्यामुळेच वरच्या वर्गातल्या ३०७० ला ८ आणि खालच्या ३०६० ला १२ असं उलटं चित्र दिसलं. ४०६० ला चारच चिपा, म्हणून ८.

प्रत्यक्ष काम. बैठकीच्या खोलीचं एक दृश्य, सोफा, पडदे, खिडकीतून येणारं ऊन, मेमरी ५ जीबीच्या आत. ३०६० वर ११ मिनिटं, ४०६० वर ८ मिनिटं. प्रकाशकिरणांचं गणित करणारे कोअर नव्यात एक पिढी पुढचे आहेत, त्यामुळे ब्लेंडरमध्ये फरक गेमपेक्षाही जास्त पडतो. भाऊ खूश, मीही.

मग मी माझं वाड्याचं दृश्य उघडलं. चौक, कोरीव खांब, विटांचे फोटोंवरून बनवलेले मोठे टेक्श्चर (पृष्ठभागांवर चढवायची चित्रं), तुळशीवृंदावन, मागे आंब्याची आणि नारळाची झाडं. हे साडेनऊ जीबी खातं. ३०६० ने चाळीस मिनिटांत मुकाट्याने काढून दिलं. ४०६० वर पहिल्यांदा पहिल्याच तुकड्याला रेंगाळलं, दुसऱ्यांदा कार्डाची मेमरी संपल्याचा संदेश देऊन थांबलं. टेक्श्चर निम्मे केल्यावर चाललं, पण खांबांवरची नक्षी धूसर झाली. गिऱ्हाइकाला ती नक्षीच दाखवायची होती.

हाच माझा मुद्दा. काम ८ जीबीत मावतं तोवर ४०६० पुढे. मावेनासं झालं की थोडं मागे पडत नाही, एकदम खाली बसतं. आणि ८ तले सगळे ८ आपले नसतात. विंडोज, दोन मॉनिटर आणि ब्राउझर मिळून जीबीभर आधीच घेतात. मी ३०६० ठेवणार आहे. भावाला त्याच्या कामासाठी ४०६० योग्यच आहे, त्याला बदलायला सांगितलं नाही.

रात्रपाळी

मेहनत घेऊन लिहिलंय, पण निष्कर्षाशी सहमत नाही. तुमच्यासारखी साडेनऊ जीबीची दृश्यं शंभरातले किती लोक उघडतात? बहुतेक जण १०८० पी वर गेम खेळतात आणि त्यांना ४०६० सरसकट चांगलं आहे. शिवाय डीएलएसएस ३ या एनव्हिडियाच्या गेमचा वेग वाढवणाऱ्या तंत्रातलं फ्रेम जनरेशन तुम्ही मोजलंच नाही. ते फक्त ४० मालिकेपासून पुढे मिळतं. मी सायबरपंक हा गेम रे-ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचं गणित) लावून खेळतो, फ्रेम जनरेशन चालू केलं की चित्र लोण्यासारखं सरकतं. ३०६० वर त्याच सेटिंगला दम लागतो.

घाटमाथा

रात्रपाळी, गेमपुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मी भावाचं कार्ड त्याच कारणासाठी योग्य म्हटलं. फ्रेम जनरेशनबद्दल दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात.

एक, ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घालतं. त्यासाठी पुढची खरी फ्रेम तयार होईपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ वाढतो. मुळात ६० च्या आसपास फ्रेम असतील तर ते जाणवत नाही. मुळात २५-३० असतील तर आकडा ५० दिसतो पण हाताला ३० चाच जडपणा लागतो. दोन, त्याला स्वतःला मेमरी लागते. ज्या गेममध्ये ८ जीबी आधीच काठोकाठ भरलेत तिथे ते चालू केल्यावर उलट झटके बसताना मी पाहिले.

आणि ३०६० वाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. एएमडीचं असंच तंत्र, एफएसआर ३, सप्टेंबर २०२३ मध्ये आलं. त्याचं फ्रेम जनरेशन ज्या गेममध्ये दिलंय तिथे ३०६० वरही चालतं. डीएलएसएसचं सुधारित अपस्केलिंग (लहान चित्र काढून ते मोठं करणं), जे २०२५ च्या जानेवारीत आलं, ते सगळ्या आरटीएक्स कार्डांना मिळालंय.

रात्रपाळी

झटके मलाही बसलेत, कबूल करतो. टेक्श्चर अल्ट्रावरून हायवर आणले की जातात. मला त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. हायमधला आणि अल्ट्रामधला फरक थांबून, नाक लावून पाहिला तरच दिसतो.

मोडीवाचक

मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा प्रकल्प मोडी अक्षरं ओळखण्याचा आहे. जुन्या कागदांचे फोटो, त्यातल्या ओळी वेगळ्या करायच्या, मग मॉडेलला शिकवायचं. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, हात न उचलता ओळभर लिहितात, त्यामुळे एकेक अक्षर कापून शिकवता येत नाही, अख्खी ओळच द्यावी लागते. आतापर्यंत इंटरनेटवरच्या मोफत सेवेवर चालवत होतो, पण ती मध्येच तुटते आणि रात्रभराचं काम जातं. घरचा पीसी आय५ १०४००, १६ जीबी रॅम, ४५० वॉटचा एसएमपीएस. बाबांनी एकदाच पैसे देईन असं सांगितलंय. दादा, मी कुठलं घेऊ? मित्र म्हणतात नवीन ते घे.

घाटमाथा

मोडीवाचक, तुझा प्रकल्प वाचून फार बरं वाटलं. तुला स्पष्टच सांगतो, १२ जीबीचं घे.

शिकवताना मेमरीत काय काय बसतं ते बघ. मॉडेलचे आकडे, प्रत्येक आकड्यामागे त्याचा उतार (ग्रेडियंट, तो आकडा कुठे सरकवायचा ते सांगणारा), अ‍ॅडम ही शिकवण्याची पद्धत वापरत असशील तर प्रत्येकामागे आणखी दोन आकडे. हे झालं ठरावीक. त्याच्या वर प्रत्येक थरातून निघालेले मधले निकाल, आणि ते बॅचच्या (एका वेळी दिलेल्या ओळींच्या) आकाराप्रमाणे वाढतात. तुझ्या चित्रांच्या ओळी लांबलचक असणार, म्हणजे हा शेवटचा भागच सगळ्यात जड. ८ जीबीवर बॅच लहान करून आणि उतार साठवत साठवत काम भागवता येतं, मॉडेल शिकतं. पण प्रत्येक प्रयोगाला वेळ जास्त लागतो आणि शेवटच्या वर्षाला तुझ्याकडे वेळच नाही. नुसत्या गणिताच्या वेगात ४०६० थोडं पुढे आहे, पण त्या वेगापेक्षा तुला जागा जास्त उपयोगी.

दुसरं, तुझा १०४००. दहाव्या पिढीपर्यंतच्या इंटेलला पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि बाकी मशीनमधला रस्ता) ३.० च आहे. आता तो बोर्डाचा मुद्दा. ३०६० स्लॉटच्या सोळाही वाटा वापरतं, ४०६० आठच वापरतं. ४.० च्या बोर्डावर आठ वाटांतून सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, ३.० वर तेवढ्याच वाटांतून ८. कार्डाची मेमरी पुरत असेल तर याने फारसं बिघडत नाही, दोन-चार टक्के. पण मेमरी भरली आणि माल साध्या रॅममधून आणावा लागला की तो याच बोळातून यायचा. माझ्या बी४५० वर ४०६० ची जी दमछाक झाली, ती भावाच्या बी६६० वर तेवढी झाली नाही. कार्ड तेच, दृश्य तेच.

रायझनवाल्यांनीही जपा. ५६००जी हा प्रोसेसर बी५५० बोर्डावर लावला तरी ३.० च देतो. बोर्डाच्या खोक्यावर ४.० लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका.

तारयंत्र

मोडीवाचक, एसएमपीएसबद्दल मी सांगतो, माझा धंदाच तो आहे. दोन्ही कार्डांना कंपनीची शिफारस ५५० वॉटची आहे. तुझा ४५० चा चांगल्या कंपनीचा आणि खरोखर ४५० देणारा असेल तर ४०६० आरामात चालेल, ३०६० ही बहुधा चालेल. पण कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला असेल, तर कार्डाच्या आधी तो बदल. हातात घेऊन बघ, वजनाला हलका फुलका लागला तर समजून जा. आणि कार्डाला लागणारं आठ पिनचं तोंड एसएमपीएसच्या वायरीवर मुळातच असायला हवं. दोन जुनी मोलेक्सची तोंडं जोडून आठ पिनचा जुगाड मिळतो, तो लावू नकोस. अशा वितळलेल्या जोडण्या माझ्या टेबलावर आलेल्या आहेत, प्लास्टिक काळं पडून पिनेला चिकटलेलं असतं.

विजेचा हिशेब कुणी मांडला नाही म्हणून मांडतो. फरक ५५ वॉटचा. रोज सहा तास पूर्ण भाराने चालवलं, वर्षातले ३०० दिवस, तर ९९ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला हजाराच्या आत. चार वर्षांत चार हजार. जो दिवसाला तासभर गेम खेळतो त्याने हा विचार करूच नये. पण घाटमाथांसारखं रात्र रात्र रेंडर असेल तर किंमत ठरवताना हे धरायला हवं.

यूपीएस मात्र सगळ्यांनी बघा. घराघरांत ६०० व्हीएचा असतो. तो व्हीएने ६०० असला तरी वॉटमध्ये बहुधा ३६० च. ३०६० चं मशीन पूर्ण भारावर आणि वर मॉनिटर, म्हणजे तुम्ही काठावर उभे. वीज गेली की किंचाळतो आणि बंद पडतो. ४०६० ला तिथे थोडा श्वास मिळतो.

मोडीवाचक

तारयंत्र काका, आमच्याकडे वीज जाते, आणि एसएमपीएस तुम्ही म्हणता तसा कॅबिनेटसोबतचाच आहे. आजच उघडून पाहिला. आठ पिनचं तोंडच नाही.

तारयंत्र

मग ५५० चा घे, उत्तर तिथेच मिळालं. आणि शिकवणं चालू असताना दर अर्ध्या तासाने मॉडेल डिस्कवर जतन होईल असं कर. यूपीएसचं काम एवढंच की तुला नीट बंद करायला पाच मिनिटं मिळावीत.

सनईचौघडा

वाचतेय. आमचा साताऱ्यात लग्नाच्या व्हिडिओंचा व्यवसाय. कॅमेरा मिस्टर सांभाळतात, एडिटिंग माझ्याकडे. नवीन सोनी कॅमेरा घेतल्यापासून टाइमलाइन इतकी अडकते की मंगलाष्टकं चालू असताना चित्र अंतरपाटावर थांबतं आणि आवाज पुढे निघून जातो. आधीचा कॅमेरा होता तेव्हा असं होत नव्हतं. आमच्याकडे एनव्हिडियाचं जुनं १६५० कार्ड आहे. दुकानदार म्हणतो ४०६० टाका, सगळं सुटेल. खरंच सुटेल का? मशीन आय५ १२४००एफ आहे.

चावडी

ताई, थांबा, पैसे देऊ नका. आधी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. बहुतेक १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारं) असेल, एच.२६५ या व्हिडिओ दाबण्याच्या प्रकारात. हा प्रकार हार्डवेअरवर उलगडणं ३०६० लाही येत नाही आणि ४०६० लाही येत नाही. एनव्हिडियाने ते २०२५ च्या ५० मालिकेत आणलं. तोवर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि म्हणून तुमचा अंतरपाट गोठतो.

पण हे काम इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला अकराव्या पिढीपासून येतं! आणि तुमचा प्रोसेसर १२४००एफ, म्हणजे ज्यात ते ग्राफिक्स बंद करून विकलेलं असतं तो. तो एफ तेवढा आडवा आलाय. साधा १२४०० तुमच्या त्याच बोर्डात बसेल. जुना एफ विकून वर थोडे पैसे घालून काम होईल.

दोन्ही कार्डांत व्हिडिओच्या दृष्टीने एक खरा फरक आहे तोही सांगतो. ४०६० ला एव्ही१ या व्हिडिओ दाबण्याच्या नव्या प्रकारात व्हिडिओ तयार करता येतो, ३०६० ला तो फक्त उलगडता येतो. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणाऱ्यांना त्याचा उपयोग. लग्नाचा पेनड्राइव्ह देणाऱ्यांना नाही, तो पाहुण्यांच्या टीव्हीवर चालायला हवा.

सनईचौघडा

बघितलं. हो, एच.२६५, ४:२:२ १० बिटच निघालं. दुकानदाराला एवढं विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं का माहीत नाही, पण तुमचे उपकार आहेत. पुढच्या आठवड्यात तीन लग्नं आहेत. तोपर्यंत काही तात्पुरता उपाय?

चावडी

प्रॉक्सी बनवा. रात्री झोपताना सगळ्या क्लिपांच्या हलक्या प्रती तयार करायला लावा, सकाळी त्यांच्यावर काटछाट करा, शेवटी निर्यात मूळ क्लिपांवरून होते. डिस्कवर जागा जास्त लागेल, बाकी त्रास नाही.

पाणवठा

३०६० घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो, बिलावर १२ जीबी आणि १९२ बिट लिहून घ्या. २०२२ च्या शेवटी याच नावाने ८ जीबीचं एक रूप आलं. कोअर तेवढेच, ३५८४, पण बस १२८ बिटचा आणि वेग सेकंदाला २४० जीबी. म्हणजे ४०६० पेक्षाही अरुंद, आणि त्याची मोठी कॅशही नाही. दोन्हीकडचं उणं एकत्र आलेलं.

मी एका दुकानातून 'थर्टी सिक्स्टी' म्हणून घेतलं. बिलावर नुसतं ३०६०. खोक्यावर कोपऱ्यात ८जी छापलेलं होतं, मी आनंदात पाहिलंच नाही. घरी येऊन लावलं, मुलीच्या वाढदिवसाला गेम सुरू केला, आणि मित्राच्या कार्डापेक्षा इतक्या कमी फ्रेम का म्हणून तीन दिवस ड्रायव्हर काढत-घालत बसलो. शेवटी जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर बसच्या चौकटीत १२८. परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही, खोकं फोडलंय म्हणाला. ते पैसे साठवायला मला आठ महिने लागले होते.

घाटमाथा

पाणवठा, वाईट वाटलं. हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं. नाव तेच ठेवून आतलं कार्ड बदलणं हे गिऱ्हाइकावर अन्यायाचं आहे, मग ते कायदेशीर असो वा नसो.

सेकंडहँड घेणाऱ्यांनीही जीपीयू-झेड पेनड्राइव्हवर घेऊनच जावं. २०२१ चं वर्ष आठवतंय ना? इथेरियम हे आभासी चलन खणण्यासाठी (कार्डावर गणितं सोडवून कमावण्यासाठी) कार्डं पळवली जात होती. ३०६० वर त्यासाठी कंपनीने मुद्दाम वेगमर्यादा घातली होती आणि नंतर स्वतःच्याच एका ड्रायव्हरमधून ती चुकून उठवली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धतच बंद केली, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. खणलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. पण पंख्यांचे बेअरिंग गेलेले असतात, मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) तेल सोडतात. पंखा बोटाने फिरवून बघा, अडखळतो का. अर्धा तास भार देऊन चालवायला लावा. विकणारा त्याला नाही म्हणाला तर उठून या.

चावडी

घाटमाथा, एक भर घालतो. घरच्या मशीनवर भाषा मॉडेल चालवणाऱ्यांसाठी ३०६० फक्त मोठंच नाही, वेगवानही आहे. हे ऐकून लोक चक्रावतात. पण प्रत्येक शब्दतुकडा बाहेर पडताना मॉडेलचे जवळपास सगळे आकडे मेमरीतून एकदा वाचावे लागतात. तिथे २४ एमबीच्या फळीचा उपयोग नाही, सगळा माल गोदामातूनच. ८ अब्ज आकड्यांचं, चार बिटांत दाबलेलं मॉडेल साधारण ५ जीबीचं. ३६० भागिले ५ म्हणजे सेकंदाला फार तर ७२ तुकडे, २७२ भागिले ५ म्हणजे ५४. प्रत्यक्षात दोन्ही याहून कमी देतात, पण क्रम हाच राहतो. आणि १४ अब्जांचं मॉडेल चार बिटांत ९ जीबीच्या घरात जातं, ते ४०६० मध्ये मावतच नाही.

आमच्या गावचे जुने सात-बारा आणि ग्रामसभेची इतिवृत्तं वाचून त्यातून नोंदी काढायचं काम मी १४ अब्जांच्या मॉडेलवर करतो. कागद गावाबाहेर जायला नकोत, म्हणून घरीच.

रात्रपाळी

हे मला खरंच माहीत नव्हतं. पण एक विचारू? आता एनव्हिडियाचं ५०६० आलंय, इंटेलचं बी५८० कार्ड आहे. मग या दोन जुन्यांत का अडकायचं?

घाटमाथा

विचारायलाच हवं होतं कुणीतरी. ५०६० मे २०२५ मध्ये आलं, २९९ डॉलरलाच. मेमरी जीडीडीआर७ या नव्या प्रकारची, वेग सेकंदाला ४४८ जीबी, म्हणजे गोदामाचा बोळ चांगलाच रुंद झाला. पण गोदाम तेवढंच, ८ जीबी, आणि वाटाही आठच. नवीन कार्ड फक्त गेमसाठी घेत असाल, बोर्ड ४.० किंवा ५.० चा असेल, तर ४०६० पेक्षा तेच घ्या.

बी५८० ला १२ जीबी, १९२ बिट, बाजारात आलं तेव्हा किंमत २४९ डॉलर. मला ते फार आवडलं असतं. पण माझ्या ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला इतका राबवतो की गेममध्ये कार्ड रिकामं बसतं. आणि मोडीवाचकसारख्यांचा बराचसा कोड कुडा (एनव्हिडियाच्या कार्डांसाठीची प्रोग्रामिंगची पद्धत) धरूनच लिहिलेला असतो. दुसऱ्याचा कोड इंटेलवर चालता करण्यात महिना गेला तर प्रकल्प कधी करणार?

मोडीवाचक

सगळ्यांचे आभार. काल झालं. सेकंडहँड ३०६० मिळालं, गेमसाठी वापरलेलं, मूळ बिल सोबत. पाणवठा काकांची आठवण ठेवून पहिल्यांदा जीपीयू-झेड लावलं, १९२ बिट आणि १२ जीबी दिसल्यावरच पैसे दिले. वाचलेल्या पैशांत ५५० चा एसएमपीएस. विकणाऱ्याच्या आईने चहा दिला आणि अर्धा तास भार देईपर्यंत प्रकल्पाबद्दल विचारत बसल्या. त्यांच्याकडेही मोडीतला एक कागद आहे, आजेसासऱ्यांचा, कुणालाच वाचता येत नाही. फोटो काढून आणलाय.

रात्री शिकवायला लावलं. बॅच १६ ठेवली, साडेदहा जीबी भरले आणि चाललं. एक अडचण आहे, कार्ड ८१ अंशांवर जातंय. हे चालतं का?

तारयंत्र

८१ ला घाबरायचं कारण नाही, पण कमी करता येईल. कॅबिनेटची बाजूची झाकणी काढून बघ किती उतरतं. पाच-सात अंश उतरलं तर हवा आत येत नाहीये, पुढे एक १२० मिमीचा पंखा लाव. उतरलं नाही तर कार्डावरची धूळ आणि पेस्ट बघावी लागेल.

मोडीवाचक

झाकणी काढली, ७३ झालं. पंखा आणतो. आणि त्या आजींच्या कागदातली पहिली ओळ मॉडेलने अर्धी वाचली. 'राजश्री' बरोबर आलंय, पुढचं नाव चुकतंय.